खडूच्या रेघेपर्यंत

आमचे घरमालक कधी बसत नसत. झोपायचे चारचौघांसारखे आडवे, पण उभं आणि आडवं यांच्या मधली जी अवस्था असते ती त्यांना मान्य नव्हती. जेवायचे ओट्यापाशी उभे राहून. पेपर वाचायचे खिडकीच्या गजाला खांदा टेकवून. एसटी रिकामी असली तरी दांडा धरून उभे. न्हाव्याकडे खुर्चीत बसावं लागतं म्हणून केस घरीच आरशासमोर कापत, आणि ते घरी कापलेले आहेत हे मागून कुणालाही कळत असे. घरात खुर्ची होती, पण ती एकच आणि पाहुण्यांसाठी.

कारण विचारलं की म्हणत, "बसून काम करनाऱ्याचं बोट जातं."

नागापूरच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली होती. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी अजस्र यंत्रं असतात तिथं. बरीच माणसं त्या कामातून एखाददुसरं बोट देऊन घरी येतात. हे दहाच्या दहा घेऊन आले, आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान की नव्या माणसाला नमस्कार न करता दोन्ही पंजे पुढे करायचे. मी खोली बघायला गेले तेव्हा माझ्याही पुढे केले. "मोज."

मी मोजली. दहा म्हणाले. मग मी ओरडून दहा म्हणाले.

"ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "बोटं आनली, कान तितंच ऱ्हायलं." आणि स्वतःच हसले.

मी सुप्याला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, हे कळल्यावर तर त्यांना फारच गंमत वाटली. माल बनवणारे आणि माल नाकारणारे यांचं कारखान्यात कधी जमत नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. "ए क्वालिटी, नळ आलाय." "क्वालिटी, तुझं पार्सल हाय खाली." कॉलनीतल्या बायासुद्धा मला क्वालिटीच म्हणायला लागल्या. पहिल्यांदा राग आला, मग त्या नावानं कुणी हाक मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

माझ्या खोलीचा जिना त्यांच्या पुढच्या खोलीतून जायचा, त्यामुळे येता-जाता त्या नवरा-बायकोचा संसार मला आपोआप दिसत असे. दिसत असे असंच म्हणायला हवं, कारण ऐकण्यासारखं त्यात फार नव्हतं. प्रेस शॉपमध्ये आवाजाचा उपयोग नसतो. तिथली माणसं हातांनी बोलतात. उभा पंजा म्हणजे थांब. छातीवर मूठ म्हणजे कळलं. मनगटावर दोन बोटं म्हणजे शिफ्ट संपली. काकांनी ही भाषा घरी आणली आणि काकूंनी ती उचलली, वर स्वतःच्या खुणांची भर घातली. भाजीत मीठ जास्त झालं, गॅस संपत आलाय, शेजारीण येतेय, गप्प बसा, या सगळ्याला खुणा होत्या. उरलेलं काका ओठांवरून वाचत. मीही हळूहळू शिकले.

काकूंची एक खूण मी रोज बघायची. पंजा उपडा करून हवा खाली दाबायची. म्हणजे, बसा आता. काका तेवढी एकच खूण कळली नाही असं दाखवत, कारण कारखान्यात तीच खूण म्हणजे मशीन हळू चालव. "काय? हळू चालवू? आजून किती हळू चालवू?" असं म्हणून ओट्यापाशी उभे ते उभेच. काकू माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. हा खेळ त्यांच्या लग्नाइतकाच जुना असावा.

दोघंही पाथर्डीकडचे. दोघांचेही आईबाप ऊसतोडीला जाणारे. काकू सांगायच्या, कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मले, सहा महिने साखर कारखान्यावर आणि सहा महिने गावात, एका जागी राहायचं म्हणजे काय ते लग्नानंतर कळलं. म्हणून असेल, त्यांना घरात निवांत बसायची भारी हौस. दुपारी उंबऱ्यात बसत, संध्याकाळी पायरीवर बसत. नवऱ्यानंही शेजारी टेकावं एवढीच त्यांची मागणी होती.

मुलगी एकच, शिर्डीत दिलेली. नवऱ्याबरोबर फुलांचं दुकान चालवते. ती बापाच्या मागे लागायची, अण्णा, कानाचं मशीन घ्या म्हणून. काका पंजा उभा करत. "मला तिचं सगळं कळतं. बाकीच्याचं ऐकून काय करायचंय?"

मग एका सकाळी काकूंना लकवा मारला.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवी बाजू गेली होती. उजवा हात गेला म्हणजे खुणा गेल्या. तोंड वाकडं झालं, म्हणजे ओठ वाचणंही गेलं. आवाज तेवढा राहिला होता, पण तो इतका बारीक की मलाही वाकून ऐकावं लागे. काका कॉटपाशी उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. तीस-चाळीस वर्षं जे ओठ त्यांना पाठ होते ते आता काही सांगत नव्हते. काकू पुन्हा पुन्हा बोलायच्या, मग रडायच्या. मी घरी असले तर मधे उभी राहून एकीचं दुसऱ्याला सांगत असे. पण मी दिवसातले अकरा तास सुप्याला.

चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच मुलीला फोन करायला लावला. "आनून टाक म्हनाव ते मशीन," मला म्हणाले, "लई बारीक ऐकू येनारं."

मुलीनं नगरच्या एका दुकानातून चांगली महागातली मशिनं घेतली. कानामागं बसणारी, डबीत ठेवून चार्ज करायची, आणि मोबाईलला बिनवायरची जोडली जाणारी. दुकानातल्या बाईंनी एक युक्ती सांगितली. फोन काकूंच्या उशाशी ठेवायचा. फोनचा माईक त्यांचा आवाज उचलणार आणि तो थेट काकांच्या कानात पोचवणार, काका दुसऱ्या खोलीत असले तरी. जोडणी वगैरे बघायला घरात क्वालिटी होतीच.

पहिला आठवडा काही धड होईना. डावं मशीन जोडलं जायचं, उजवं नाही. दोन्ही जोडली गेली तर आवाज माईकचा न येता भलतीकडून यायचा. एका शनिवारी मुलगी आली होती, अंगणात फोनवर कुणाशी तरी बोलत होती. काका स्वयंपाकघरात पातेलं घासत होते, ते एकदम साबणाचे हात न धुताच बाहेर आले. चेहरा गंभीर.

"क्वालिटी, मला कुनीतरी पाच किलो झेंडू मागतंय. आन दोन मोठे हार. सकाळी सातला."

मशिनं दुकानात घेतानाच मुलीच्या फोनला जोडून पाहिली होती, आणि ती जोडणी कुणी काढलीच नव्हती. ती शिर्डीहून घरात आली की मशिनं तिच्या फोनकडे पळत होती. मी तिच्या फोनमधून नाव पुसलं, मशिनं डबीत ठेवून पुन्हा काढली, काकांच्या फोनला नव्यानं जोडली. काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या वाकड्या तोंडानं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्याच संध्याकाळी ते घडलं. फोन उशाशी होता, काका आत चहा टाकत होते. काकू छताकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "साखर कमी टाका."

आत चमचा पडल्याचा आवाज आला. काका दारात येऊन उभे राहिले. "साखर कमी?"

काकूंनी मान हलवली. काकांनी छातीवर मूठ ठेवली आणि परत आत गेले. चहा यायला फार वेळ लागला. मी आत डोकावले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि चहा उतू गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या जोडणीची फोरमनगिरी सुरू केली. घरभर खडू घेऊन हिंडायचे. काकूंनी बोलत राहायचं, काहीही, पाढे म्हटले तरी चालतील, आणि हे एकेक पाऊल मागं सरकत आवाज कुठं तुटतो ते बघायचे. लोखंडी कपाटामुळे आवाज अडतो हे शोधून कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं. फोन उशीच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला की काय होतं, पाठ केली की काय होतं, सगळं तपासलं. माझ्या विभागात एवढ्या काळजीनं कुणी तपासणी करताना मी पाहिलेलं नाही. शेवटी स्वयंपाकघरात फ्रिजच्या पुढं फरशीवर एक पांढरी रेघ ओढली. त्या रेघेपलीकडे पाऊल टाकलं की आवाज तुटे. फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना त्यांनी बजावलं होतं, रेघेला पानी लावायचं न्हाई. मला रेघ दाखवताना म्हणाले, "हितपर्यंत ती हाय."

नंतरचे दोन महिने त्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून झालं नसेल. काकूंनी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. "आता ऐकू येतंय म्हनून सांगते, तुमच्या हातचा च्या कवाच चांगला नव्हता." काका आतून ओरडून उत्तर द्यायचे, "चौतीस वर्षं पेलीस की!" नंदेनं लग्नात काय म्हटलं होतं, पाथर्डीच्या घराची वाटणी कशी चुकली, मुलगी पोटात असताना काय खावंसं वाटलं होतं. काका रेघेच्या अलीकडे उभे राहून भाजी चिरायचे आणि ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "तिचा आवाज असा हाय हे मला ठावकंच नव्हतं. मी म्हंजे आपला मनानंच एक धरून चाललो हुतो."

मी जिन्यावरून जाताना मुद्दाम पाय वाजवत जाई, कारण ते ऐकण्यासारखं असलं तरी माझ्यासाठी नव्हतं.

मग उजवं मशीन पुन्हा मधेच सुटायला लागलं. दिवसातून चार-पाच वेळा आवाज जायचा, फोन बंद-चालू केला की यायचा. मी दुकानात फोन केला. बाई म्हणाल्या, मशिनांचं अपडेट आलेलं आहे, ते टाकून घ्या. वीस मिनिटं लागतील, तेवढ्या वेळात मशिनं डबीत राहतील, कानात घालायची नाहीत आणि मधे थांबवायचं नाही.

रविवार होता. मला अकराच्या गाडीनं श्रीगोंद्याला जायचं होतं, मावसबहिणीचा साखरपुडा होता. नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून मी दहा वाजता खाली आले आणि काकांना म्हणाले, द्या मशिनं, अपडेट टाकते.

काकूंचा चहा नुकताच झाला होता. त्या जाग्या होत्या, बऱ्या दिसत होत्या. काका कॉटपाशी उभे.

"आत्ता न्हाई," ते म्हणाले. "ती जागी हाय. ती झोपली की कर."

"मी संध्याकाळी उशिरा येणार काका. वीस मिनिटांचं काम आहे. आत्ता केलं की सुटलात."

"चालू शिफ्टमदी मशीन खोलत न्हाईत, क्वालिटी."

हा त्यांचा सगळ्यात जुना नियम. काम चालू असताना यंत्राला हात लावायचा नाही, दुरुस्ती असेल ती शिफ्ट संपल्यावर. त्या नियमानं त्यांची दहा बोटं राहिली होती. आणि मी, जी दिवसभर दुसऱ्यांना नियम दाखवून पगार घेते, मी हसले. म्हणाले, हा काय प्रेस आहे का काका, मोबाईल आहे. त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कानातली मशिनं काढून माझ्या हातात दिली. मला गाडी गाठायची आहे हे त्यांना कळलं होतं. माझ्यासाठी त्यांनी नियम मोडला.

डबी आणि फोन मी स्टुलावर शेजारी शेजारी ठेवले. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. काका आणि मी दोघंही त्या पट्टीकडे बघत उभे होतो. पट्टी बरीच पुढं गेली होती तेव्हा काकूंनी काकांकडे मान वळवली आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात बोलल्या. मला स्पष्ट ऐकू आलं.

काकांनी ओठ हललेले पाहिले. वाकले. काही कळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय म्हणते?

मी पंजा उभा केला. थांबा.

त्यांचीच खूण, त्यांच्याकडूनच शिकलेली. पाच-सहा शब्द होते. नुसत्या ओठांनी सांगितले असते तरी त्यांना कळले असते, माझे ओठ काही वाकडे नव्हते. पण पट्टी संपत आली होती, माझं लक्ष घड्याळात होतं, आणि काकू ते रोजच म्हणायच्या. पुन्हा म्हणतील, असं वाटलं. पंजा दिसल्यावर काका सरळ उभे राहिले आणि थांबले. पंजा बघून थांबायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

अपडेट झालं. मशिनं कानात गेली. दोन्ही बाजू जोडल्या गेल्या, आवाज स्वच्छ. काका वाकून म्हणाले, "आता बोल. काय म्हनलीस?"

काकूंचा डोळा लागला होता.

"झोपू दे," काका म्हणाले. "उठल्यावर सांगंल. जा तू, गाडी चुकंल."

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून नगर, नगर म्हणून ओरडतो. परतीच्या गाडीची वाट बघत मी श्रीगोंद्याच्या स्टँडवर उभी होते तेव्हा मुलीचा फोन आला. आई गेली. सकाळी झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच दुसरा झटका आला. अण्णा पाच तास शेजारी उभे होते, झोपमोड नको म्हणून हात लावला नाही त्यांनी. स्टँडवरचं कंडक्टरचं ओरडणं मला ऐकू येत होतं, पण गाडीत चढायचं असतं हे सुचेना.

दहा दिवस भेटायला माणसं येत राहिली. पाथर्डीहून आली, कारखान्यातले जुने सोबती आले, त्यांच्यातल्या काहींची बोटं नव्हती. सतरंजीवर बसून गेली. काका दाराशी उभे. कुणी हात धरून बसवायला बघितलं तर हात सोडवून घेत. मशिनं त्यांनी कानात घातलीच नाहीत, त्यामुळे कुणाचं सांत्वन त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मला त्यांनी काहीच विचारलं नाही. मी चहाचे कप फिरवत होते, त्यांच्यासमोरून दिवसातून वीस वेळा जात होते. मी ऐकलंय हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. सांगायचं म्हटलं तरी तोंड उघडेना, कारण ते शब्द सांगायचे म्हणजे आपण ते का अडवले तेही सांगायचं. रात्री वर खोलीत पडले की माझा तो उभा पंजा डोळ्यांपुढं यायचा. स्वतःच्या हाताची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

तेरावा झाला. मुलगी शिर्डीला गेली. भाड्यानं आणलेली कॉट माणसं येऊन घेऊन गेली, त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग राहिले. संध्याकाळी मी कामावरून आले तर काका दारातच उभे होते. कानात मशिनं होती. हातात फोन.

"क्वालिटी, जोडनी नीट हाय का बघ."

मी बघितली. दोन्ही जोडलेली होती. मी म्हणाले, "काका, त्या दिवशी..."

त्यांनी पंजा उभा केला.

"मला सांगू नको," ते म्हणाले. "फोनला सांग. ती बोलली तसंच. मोठ्यानं न्हाई."

कॉट होती तिथं त्यांनी स्टूल ठेवलं, त्यावर काकूंची उशी आणि उशीवर फोन. मग वळले आणि आत गेले. मला तिथून ते दिसत होते. फ्रिजपाशी जाऊन रेघेच्या आत पाय जुळवून उभे राहिले, पाठ माझ्याकडे, चहा टाकताना उभे राहत तसे.

मी उशीपाशी गुडघ्यांवर बसले. दोनदा घसा साफ केला, तोही त्यांना ऐकू गेला असणार, पण ते हलले नाहीत. मग फोनजवळ तोंड नेऊन काकू बोलल्या होत्या तेवढ्याच हळू बोलले.

"किती येळ उभं ऱ्हायचं. बसा आता."

मला वाटलं, जोडणी तुटली. मग पाठमोऱ्या काकांचा उजवा हात वर गेला आणि त्यांनी छातीवर मूठ ठेवली. तो तसाच ठेवून, दुसऱ्या हातानं फ्रिजचा आधार घेत, सवय नसलेले गुडघे एकेक करून मोडत ते रेघेच्या अलीकडे खाली बसले.